नाताळात काय लावायचं: ब्लूग्रास की कंट्री?

थँक्सगिव्हिंगचं उरलेलं जेवण फ्रीजमधून संपायच्या आत आमच्या मराठी ग्रुपवर दरवर्षी एक प्रश्न येतो. डिसेंबरात कुणाकडे तरी जेवण असतं. अर्धे पाहुणे आपले, अर्धे शेजारपाजारचे आणि ऑफिसातले. वडे कोण तळणार, केक कोण आणणार हे ठरतं, आणि मग कुणीतरी लिहितं, "गाणी कुठली लावायची? मागच्या वर्षीसारखी कुणाच्या तरी मुलाच्या फोनवरून नकोत."

मी नॉर्थ कॅरोलायनात, रॉलीच्या शेजारच्या कॅरी गावात राहते. इथे या प्रश्नाला दोन उत्तरं मिळतात: ब्लूग्रास किंवा कंट्री. नव्याने आलेल्याला दोन्ही सारखंच वाटतं: गिटार, टोपी आणि नाकातून काढलेला आवाज. मलाही पहिली दोन वर्षं तसंच वाटायचं. आता वाटतं, पेटी-तबला दोन्हीत असतो एवढ्यावरून भावगीत आणि लावणी एकच म्हणण्यासारखं आहे ते.

घाईत असाल तर उत्तर आधीच देते. घर माणसांनी भरलेलं असेल तर कंट्री. चारच जण असाल, गाडीत असाल, किंवा खरंच बसून ऐकणार असाल तर ब्लूग्रास. माझा कल ब्लूग्रासकडे आहे, तो पुढे लपणार नाही. पण निवड नुसत्या आवाजावर ठरत नाही. ब्लूग्रासमधला नाताळ घराच्या वाटेवर असतो. कंट्रीतला नाताळ घरी पोचलेला असतो, आणि तिथे यंदा कोण नाही, काय परवडलं नाही, हे मोजत बसलेला असतो. तुमचा डिसेंबर यातला कुठला आहे, ते बघून ठरवा.

बँजो आणि आपला बेंजो

आपल्याकडे 'बेंजो' म्हटलं की गणपतीची मिरवणूक आठवते. तो बेंजो म्हणजे बुलबुल तरंग, टाइपरायटरसारखी बटणं दाबून वाजवायचा, पुढे मोठाले स्पीकर. अमेरिकन बँजोचा त्याच्याशी नावापुरताच संबंध. अंग डफासारखं गोल, ताणलेल्या चामड्याचं (आता बहुतेक प्लास्टिकचं), मान लांब, तारा पाच. आफ्रिकेतून गुलाम करून आणलेल्या लोकांनी ही वाद्याची जात इथे आणली. डोंगरातल्या गोऱ्या शेतकऱ्यांच्या हाती ती नंतर आली.

ब्लूग्रासचा बँजो वाजतो तो बराचसा आमच्या राज्यातल्या एका माणसामुळे. अर्ल स्क्रग्ज, क्लीव्हलंड काउंटीचा. अंगठा आणि दोन बोटं, तिन्हींत नख्या घालून तो असा काही अखंड वाजवायचा की एक सूर संपायच्या आत पुढचे तीन येऊन गेलेले असत. डिसेंबर १९४५ मध्ये तो टेनेसीतल्या नॅशव्हिलला बिल मनरोच्या वाद्यवृंदात आला. मनरो केंटकीचा. केंटकीला ब्लूग्रासचं, म्हणजे तिथल्या एका गवताचं, राज्य म्हणतात म्हणून त्याने आपल्या वाद्यवृंदाचं नाव 'ब्लू ग्रास बॉइज' ठेवलेलं. पुढे त्या नावावरूनच सगळ्या प्रकाराला ब्लूग्रास म्हणू लागले. म्हणजे या संगीताचा वाढदिवससुद्धा डिसेंबरातच येतो, हे मी पाहुण्यांना दरवर्षी सांगते आणि दरवर्षी कुणी ऐकत नाही.

बँजो, मँडोलिन, फिडल, गिटार आणि उभा डबल बेस, झालं. ढोल नाही, ड्रम नाही, तबल्याच्या जागी काहीच नाही. ठेका मँडोलिनवाला धरतो. तारा दाबून लगेच सोडायच्या, की सूर न निघता 'चक्' असा कोरडा आवाज येतो. त्याला चॉप म्हणतात. बेस सम दाखवतो, चॉप मधल्या जागा भरतो. आपण मँडोलिन ऐकलंय ते सज्जाद हुसेन किंवा लक्ष्मीकांत यांच्या हातचं, गोड, थरथरणारं. ते मँडोलिन असं तबलजीचं काम करताना पहिल्यांदा ऐकलं तेव्हा मी हसले होते.

कंट्रीचा संसार मोठा. ड्रम, इलेक्ट्रिक गिटार, पियानो, आणि पेडल स्टील गिटार. हे शेवटचं टेबलासारखं आडवं मांडतात, तारांवरून लोखंडी कांडी फिरवतात आणि पायांनी पेडल दाबून सूर ओढतात. मींड म्हणजे काय ते आपल्याला शिकवावं लागत नाही, त्यामुळे मराठी कान या वाद्यावर पटकन भाळतो. पन्नाशीच्या दशकाच्या शेवटी नॅशव्हिलमध्ये चेट ॲटकिन्स आणि ओवेन ब्रॅडली या निर्मात्यांनी कंट्री आणखी गुळगुळीत केलं. फिडल मागे सारलं, व्हायोलिनांचा ताफा आणला, मागे कोरस उभा केला. नाताळाची आपल्या ओळखीची बरीच कंट्री गाणी या साच्यातली.

जेवणाच्या दिवशी याचा परिणाम काय, तर ब्लूग्रास गप्पांच्या खाली राहत नाही. एकेक वाद्य पाळीपाळीने पुढे येतं आणि तुमचं वाक्य तोडतं. एका वर्षी मी पंचवीस माणसांत ब्लूग्रास लावलं. अर्ध्या तासात सगळे ओरडून बोलत होते, आणि कुणाला कारण कळत नव्हतं. कंट्री मात्र सतरंजीसारखं अंथरलं जातं. त्याच्यावर बसून कुणी ग्रीन कार्डाची रांग काढो, कुणी शाळेतल्या शिक्षिकेची तक्रार करो.

मागचे वेगळं का म्हणतात

मागच्या थंडीत आई वसईहून आली होती. मटार सोलत बसलेली असताना मी पॅटी लव्हलेस या गायिकेचं ब्लूग्रास लावलं. थोड्या वेळाने ती म्हणाली, "हे आपल्या भजनी मंडळासारखंच म्हणतायत. पण मागचे तेच का म्हणत नाहीत?"

प्रश्न अगदी वर्मावरचा. आपले झीलकरी गायकाचा सूर उचलतात, त्याच चालीवर जोर देतात. ब्लूग्रासमधला दुसरा आवाज मुख्य सुराच्या वर, साधारण गंधाराच्या अंतरावर चालतो. तिसरा खाली असतो. तिघांचे शब्द एकाच क्षणी उमटतात, सूर तीन. वरचा आवाज पुरुषाचाच असतो आणि गळ्याच्या अगदी टोकाला नेलेला असतो. मनरोला 'बी'ची पट्टी आवडायची, आपल्या हिशेबात पांढरी सात. त्या ताणलेल्या, थोड्या एकाकी आवाजाला इथे 'हाय लोनसम' म्हणतात. गोड म्हणावा असा तो नाही. पहिल्यांदा ऐकणाऱ्याला रडका वाटतो, हे आधीच सांगून ठेवते.

हा आवाज झेपेल का, हे तपासायचं असेल तर लूव्हिन बंधूंचा १९६१ चा नाताळाचा अल्बम ऐका. अलाबामाचे दोन सख्खे भाऊ, मोजणीत कंट्रीवाले, पण धाटणी सगळी जुन्या, दोघा भावांच्या गाण्याची. ओळखीची चर्चमधली गाणी आहेत, त्यामुळे चाल शोधावी लागत नाही, सगळं लक्ष आवाजांकडे देता येतं. दोन गाणी ऐकून कपाळ दुखलं तर ब्लूग्रासच्या वाटेला जाऊ नका, खुशाल कंट्री लावा.

कंट्रीत एकच आवाज पुढे असतो आणि तो तुमच्याशी बोलत असतो. त्या बोलण्याचा राजा जिम रीव्ह्ज. त्याचा 'ट्वेल्व्ह साँग्ज ऑफ ख्रिसमस' १९६३ चा, निर्मिती चेट ॲटकिन्सची. पुढच्याच वर्षी, जुलै १९६४ मध्ये, नॅशव्हिलजवळ विमान कोसळून रीव्ह्ज गेला. पण गोवा, वांद्रे, वसई इथल्या ख्रिस्ती घरांत तो अजून दर डिसेंबरात गातो. आमच्या शेजारच्या आंटींकडे त्याची कॅसेट होती. नाताळाच्या आदल्या दिवशी गव्हाण मांडताना ती लागायची आणि संध्याकाळी आमच्याकडे गोडाचं ताट यायचं. दिवाळीतल्या आमच्या फराळाची ती परतफेड. मी रीव्ह्ज लावला तेव्हा आईने मटाराचं पातेलं बाजूला ठेवलं. "अगं, हा तर आंटींच्या घरचा माणूस!"

तेव्हा तुमचं बालपण वसई-गोव्याकडचं असेल तर खरं म्हणजे निवड झालेलीच आहे. कंट्री तुमच्या कानात आधीपासून आहे, फक्त त्याला कंट्री म्हणतात हे माहीत नव्हतं.

वाटेवरचा नाताळ

ब्लूग्रासमध्ये नाताळाचं एक गाणं असं आहे की ते वाजवल्याशिवाय डिसेंबर सरत नाही: 'ख्रिसमस टाइम्स अ-कमिन'. मनरोने ते १९५१ मध्ये रेकॉर्ड केलं. लिहिणारा टेक्स लोगन, टेक्सासचा फिडलवाला आणि विद्युत अभियंता. पुढे त्याने न्यू जर्सीत बेल लॅब्समध्ये नोकरी केली. दिवसा प्रयोगशाळा, रात्री फिडल. गाण्यात घडतं एवढंच: नाताळ येतोय आणि मी घरी निघालोय. टेक्सास सोडून उत्तरेला शिकायला, नोकरीला गेलेला इंजिनियर सणाला घरी जायच्या ओढीचं गाणं लिहितो, हे एडिसन किंवा पार्सिपनीतल्या मराठी माणसाला वेगळं समजावून सांगायला नको. आपलं विमान दोहामार्गे जातं, एवढाच फरक. चाल मात्र दुडुदुडु पळणारी, रडणं कुठेच नाही. तिकीट काढून झालेल्या माणसाची चाल ती.

दुसरं मोठं गाणं 'ब्यूटिफुल स्टार ऑफ बेथलेहेम'. लिहिणारा आर. फिशर बॉइस, टेनेसीतला. घरात मुलांचा गलका, म्हणून तो समोरच्या गुरांच्या गोठ्यात जाऊन बसला आणि तिथे त्याने हे लिहिलं, अशी गोष्ट सांगतात. गोठ्यात जन्मलेल्या बाळाचं गाणं गोठ्यात बसून. ताऱ्याने वाट दाखवायची आणि आपण चालायचं, पुन्हा वाटच. स्टॅन्ली बंधूंनी ते ब्लूग्रासमध्ये रुजवलं.

या गाण्यांच्या मागे पूर्व अमेरिकेतल्या ॲपलेशियन डोंगरांतला जुना नाताळ आहे, आणि मला सगळ्यात रस त्यात आहे. १७५२ मध्ये ब्रिटनने आणि त्याच्या वसाहतींनी जुनं कॅलेंडर टाकून नवं घेतलं. मधले अकरा दिवस गेले. सरकारने तारीख बदलली, डोंगरातल्या कित्येक घरांनी सण बदलला नाही. त्यांचा नाताळ पुढे सरकत ६ जानेवारीवर येऊन बसला. त्याला ते 'ओल्ड ख्रिसमस' म्हणत. शिवजयंती तारखेने की तिथीने, यावर भांडणाऱ्या आपल्या लोकांना हे लगेच उमगेल. त्या जुन्या नाताळाच्या आदल्या मध्यरात्री गोठ्यातली जनावरं गुडघे टेकतात आणि बोलतात, असा समज होता.

आणखी एक गोष्ट आमच्याच राज्याची. पश्चिमेच्या अगदी कोपऱ्यात मर्फी नावाचं गाव आहे. जुलै १९३३ मध्ये तिथे जॉन जेकब नाइल्स हा गाणी गोळा करत फिरणारा माणूस एका मुलीचं गाणं ऐकायला थांबला. तिला एक तुकडाच येत होता. त्याने तिला दर वेळी पाव डॉलर देऊन तो पुन्हापुन्हा म्हणायला लावला, आणि पदरात पडल्या तेवढ्या ओळींवर पुढचं गाणं स्वतः रचलं. 'आय वंडर ॲज आय वाँडर' ते हेच. लोक त्याला लोकगीत समजतात. अर्धं आहेही. आकाशाखाली भटकत विचार करणाऱ्या माणसाचं गाणं, इथेही घर नाहीच, रस्ता आहे.

देवाधर्माचं म्हणाल तर ब्लूग्रासमध्ये ते जास्त आहे. बेथलेहेम, गव्हाण, मेंढपाळ हे सगळं सरळ येतं, सांताक्लॉज फारसा नाही. ज्यांना भक्तिगीत कुठल्याही भाषेत चालतं त्यांना हे आवडेल. ज्यांना नुसता सुट्टीचा माहोल हवा आहे, त्यांना तिसऱ्या गाण्याला कंटाळा येईल.

घरातला हिशेब

कंट्रीच्या नाताळाची सुरुवात मात्र चक्क बाजारातून झाली. शिकागोच्या माँटगोमरी वॉर्ड या दुकानाने १९३९ मध्ये मुलांना फुकट वाटायला एक गोष्ट लिहवून घेतली, लाल नाकाच्या रेनडिअरची. लिहिणारा रॉबर्ट मे. त्याच्या बहिणीचा नवरा जॉनी मार्क्स याने त्यावर गाणं केलं, आणि १९४९ मध्ये ते गायला कोण, तर घोड्यावर बसून गाणारा काउबॉय नट जीन ऑट्री. त्याच मार्क्सचं 'रॉकिन अराउंड द ख्रिसमस ट्री' ब्रेंडा लीने १९५८ मध्ये नॅशव्हिलला गायलं तेव्हा ती तेरा वर्षांची होती. डिसेंबर २०२३ मध्ये, पासष्ट वर्षांनी, ते बिलबोर्ड मासिकाच्या लोकप्रिय गाण्यांच्या यादीत पहिलं आलं. मार्क्स ज्यू होता, तेव्हा 'आपला सण नाही, आपण कशाला' असं वाटणाऱ्यांनी संकोच सोडायला हरकत नाही.

मुलं असतील तर हा विभाग लावावाच लागतो. त्याबद्दल अधिक लिहिण्यासारखं नाही. दहाव्या वेळी लाल नाक ऐकताना कानात कापूस घाला.

कंट्रीचं खरं बळ दुसरीकडे आहे. विली नेल्सनने लिहिलेलं आणि १९६३ मध्ये रॉय ऑर्बिसनने गायलेलं 'प्रिटी पेपर' घ्या. नाताळाची खरेदी करणारी गर्दी आणि फुटपाथवर भेटींचे रंगीत कागद विकणारा एक अपंग माणूस. नेल्सनने तो टेक्सासमधल्या फोर्ट वर्थला एका दुकानाबाहेर पाहिलेला. गर्दी त्याच्या बाजूने निघून जाते, गाण्यात एवढंच घडतं. दादर स्टेशनच्या पुलावर दिवाळीत आपणही असेच निघून गेलेलो असतो.

आणि मर्ल हॅगर्डचं 'इफ वी मेक इट थ्रू डिसेंबर', १९७३ चं. कारखान्यातून कमी केलेला बाप. मुलीला सांगायचं कसं की यंदा काही नाही? हा महिना एकदा निभला की मग उन्हाळ्यात उबदार गावी जाऊ, कॅलिफोर्नियाला म्हणू, बघू. त्या डिसेंबरात ते कंट्रीच्या यादीत पहिलं होतं. तेलटंचाईचं वर्ष ते, ऐकणाऱ्या कितीजणांचं हेच चाललं असणार.

हे गाणं मी एकदा जेवणाच्या यादीत विचार न करता टाकलं होतं. आमच्या एका मित्राला नोव्हेंबरात कंपनीने कमी केलेलं. एच-वन-बी या कामाच्या व्हिसावर असताना नोकरी गेली की साठ दिवस मिळतात, त्यात दुसरी शोधायची नाहीतर सामान बांधायचं. त्याने कुणाला सांगितलं नव्हतं, आम्हाला बायकोकडून माहीत. गाणं लागलं तेव्हा तो बेसिनपाशी ताटली धूत उभा होता. नळ बंद केला. गाणं संपेपर्यंत तसाच, हातात साबणाचा स्पंज. मग वळून म्हणाला, "काय नाव याचं?" मी फोन पुढे केला, त्याने ओल्या हाताने नाव टिपून घेतलं. पुढचे दोन आठवडे गाडीत तेच चालू होतं, असं त्याची बायको सांगत होती. त्याला त्याचा आधार झाला की त्रास, मला अजून ठरवता आलेलं नाही. जानेवारीत नोकरी लागली आणि गाणं बंद झालं.

तेव्हा कंट्रीची यादी करताना पाहुणे कोण आहेत ते बघा. अर्नेस्ट टबने १९५० च्या सुरुवातीला यादीच्या माथ्यावर नेलेलं आणि एल्व्हिसने १९५७ मध्ये गायलेलं 'ब्लू ख्रिसमस' निरुपद्रवी आहे, विरह असूनही त्यावर लोक डोलतात. डॉली पार्टनचं १९८२ चं 'हार्ड कँडी ख्रिसमस' वरून हलकं, आतून जड. हॅगर्ड एकट्याने ऐकायचा.

समोरासमोर ऐकायचं असेल तर

इथे ब्लूग्रास सरळ जिंकतं. मोठ्या कंट्री गायकांचे नाताळाचे कार्यक्रम भव्य सभागृहांत होतात, तिकिटं महाग, आणि स्टेज इतकं लांब की माणूस पडद्यावरच बघायचा. ब्लूग्रासचा जॅम, म्हणजे एकत्र बसून वाजवायची बैठक, चर्चच्या तळघरात, ग्रंथालयात, वाद्यांच्या दुकानात होतो. बहुतेक ठिकाणी पैसे लागत नाहीत, काहीतरी खायला न्यायचं.

मी चिवडा नेते. घडीच्या खुर्च्या गोल मांडलेल्या, कोपऱ्यात कॉफीची मोठी किटली. थंड गाडीतून गरम खोलीत आणलेली वाद्यं सुरात राहत नाहीत, म्हणून पहिली दहा मिनिटं नुसतं पिळणं आणि छेडणं चालतं. मग कुणीतरी गाण्याचं नाव आणि पट्टी सांगतो आणि सुरू होतं. चाल सगळे धरतात. पाळी वर्तुळात फिरते, ज्याच्याकडे बघून मान हलवली त्याने पुढे येऊन वाजवायचं, नको असेल तर नकारार्थी मान हलवायची, कुणी रागावत नाही. गाणं संपवायचं असलं की सुरू करणारा एक पाय उचलतो. बोलायचं नाही, बसल्या जागी बूट वर. सगळे एकदम थांबतात.

माझी मुलगी शाळेच्या ऑर्केस्ट्रात व्हायोलिन शिकते. फिडल म्हणजे तेच वाद्य, नाव आणि वागणूक वेगळी. गेल्या डिसेंबरात ती मागच्या रांगेत बसून 'जिंगल बेल्स' दबक्या आवाजात वाजवत होती. बँजोवाल्या आजोबांनी, निवृत्त इलेक्ट्रिशियन, तिच्याकडे बघून मान हलवली. ती लाल झाली, पण वाजवलं. दोन सूर चुकले. आजोबांनी मागून वाजवणं एवढं हळू केलं की चूकसुद्धा नीट ऐकू आली, आणि तिने दुसऱ्या वेळी ती सुधारली. शाळेतल्या वर्षभराच्या कार्यक्रमांनी हे केलं नव्हतं. घरात वाद्य शिकणारं मूल असेल तर माझ्या मते पुढची तुलना वाचायचीही गरज नाही.

अल्बम कुठले, आणि कुठे फसाल

ब्लूग्रासकडून एकच घ्यायचा तर पॅटी लव्हलेसचा २००२ चा 'ब्लूग्रास अँड व्हाइट स्नो'. ही बाई मुळात कंट्रीची मोठी गायिका, जन्म केंटकीतल्या पाइकव्हिलचा, बाप कोळशाच्या खाणीत. नॅशव्हिलला नाव कमावून ती गावाकडच्या गाण्याकडे परतली. त्यात 'सांता ट्रेन'वर एक गाणं आहे. ही गाडी खरी आहे. १९४३ पासून नोव्हेंबरात केंटकीतून टेनेसीतल्या किंग्सपोर्टपर्यंत खाणींच्या मुलखातून जाते आणि रुळांकडेला उभ्या असलेल्या लोकांना भेटी वाटत जाते. सांता आला तोही रस्त्यावरून, बघा.

कंट्रीकडून जिम रीव्ह्जचा वर सांगितलेला. त्यात काही चुकत नाही, आणि तेच त्याचं न्यूनही आहे. आणखी मोकळं हवं असेल तर केनी रॉजर्स-डॉली पार्टन जोडीचा १९८४ चा 'वन्स अपॉन अ ख्रिसमस', चकचकीत, सिंथेसायझरने भरलेला, टीव्हीवरच्या कार्यक्रमासारखा. माझा नवरा त्यावर फिदा आहे. मी स्वयंपाकघरात असताना तो लावतो.

निवडच करायची नसेल तर एमिलू हॅरिसचा १९७९ चा 'लाइट ऑफ द स्टेबल'. कंट्रीची गायिका, साथीला रिकी स्कॅग्जसारखा ब्लूग्रासचा माणूस, आणि वर सांगितलेली टेक्स लोगनची आणि बॉइसची दोन्ही गाणी त्यात आहेत. शीर्षकगीताला मागून डॉली पार्टन, लिंडा राँस्टाट आणि नील यंग आहेत. पाहुण्यांतही चालतो, एकट्यालाही पुरतो.

आता ब्लूग्रासची पंचाईत. त्याच्याकडे नाताळाची स्वतःची गाणी फार नाहीत. 'ख्रिसमस टाइम्स अ-कमिन' जवळपास प्रत्येक अल्बमवर असतं, उरलेली भरती चर्चच्या जुन्या गाण्यांची. तिसरा अल्बम विकत घेताना विचार करा. दुकानांत 'ब्लूग्रास ख्रिसमस' नावाचे पुष्कळ संच मिळतात, त्यात नुसती वाद्यं वाजतात, गाणं नाही. ते कंट्रीच्या सतरंजीचंच काम करतात, पण बँजोच्या टोचणीसह. दोन्हीकडून तोटा.

कंट्रीची पंचाईत उलटी: पुरवठा अमाप. जवळजवळ प्रत्येक नामांकित गायकाने नाताळाचा अल्बम काढलाय आणि त्यातले पुष्कळ एका आठवड्यात उरकलेले वाटतात. शिवाय नोव्हेंबरापासून किराणा दुकानात, पेट्रोल पंपावर तेच चालू असतं. २० डिसेंबरला तुमच्या घरी तेच लागलं की पाहुण्याला वाटतं, आपण अजून दुकानातच आहोत.

आमच्याकडे यंदा असं ठरलंय. १३ तारखेच्या जेवणाला कंट्री, हॅगर्ड वगळून. २४ ला सकाळी ब्लू रिज डोंगरांकडे गाडीने जातोय, तेव्हा ब्लूग्रास, फक्त नवऱ्याला वेगावर लक्ष ठेवायला सांगायचं, त्या चालीवर पाय आपोआप दाबला जातो. २५ ला एमिलू. झाड ६ जानेवारीपर्यंत उतरवायचं नाही, जुन्या नाताळापर्यंत. आईला फोनवर हे सांगितलं तेव्हा तिने विचारलं, "म्हणजे तिथीने का?"